चुकीच्या उत्तरांचा अभ्यासक

१९२० च्या सुमारास पॅरिसमधील एका प्राथमिक शाळेत एक तरुण स्विस संशोधक मुलांना एक छोटे कोडे घालत असे. एडिथचे केस सुझानपेक्षा उजळ आहेत, पण लिलीपेक्षा काळसर आहेत. तर तिघींत सर्वांत काळे केस कोणाचे? उत्तर आहे सुझान. बरीच मुले मात्र लिलीचे नाव घेत.

इंग्लंडमधील सिरिल बर्ट यांच्या तर्कचाचण्या पॅरिसच्या मुलांवर तपासून पाहायच्या आणि कोणत्या वयाची किती मुले बरोबर उत्तर देतात ते नोंदवायचे, एवढेच त्याचे काम होते. चुकीच्या उत्तरापुढे शून्य मांडून पुढच्या मुलाकडे वळले तरी चालले असते. पण तो थांबला आणि लिलीच का, हे मुलांना विचारू लागला. मुलांचा विचार असा होता : एडिथ आणि सुझान उजळ, एडिथ आणि लिली काळ्या, म्हणजे सुझान सर्वांत उजळ, लिली सर्वांत काळी आणि एडिथ मधली. यात अंदाजपंचे काहीच नव्हते. दोघींमधली तुलना मुलांना अजून पकडता येत नव्हती. त्यामुळे ती प्रत्येकीला उजळ किंवा काळी असे ठरवून टाकत आणि त्यावरून अगदी व्यवस्थित निष्कर्ष काढत. वेगवेगळी मुले एकसारखीच चूक करत होती. चुकीला नियम असेल तर तिचा अभ्यासही करता येतो, हे त्या संशोधकाच्या लक्षात आले. त्याचे नाव ज्याँ पियाजे. पुढची साठ वर्षे ते हेच काम करत राहिले.

पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी झाला. वडील मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक. मुलाला ओढ मात्र पक्षी, जीवाश्म आणि शंख-शिंपल्यांची. बागेत दिसलेल्या एका पांढुरक्या चिमणीवर त्याने लिहिलेली छोटी नोंद १९०७ मध्ये निसर्गप्रेमींच्या मासिकात छापून आली, तेव्हा तो शाळकरी होता. मग गावातील संग्रहालयाचे प्रमुख पॉल गोदे यांनी त्याला गोगलगायींच्या संग्रहावर चिठ्ठ्या लावण्याच्या कामात मदतनीस म्हणून घेतले. काही वर्षांतच त्याचे गोगलगायींवरचे लेख प्रसिद्ध होऊ लागले. परदेशी तज्ज्ञ भेटायला उत्सुक असत, पण लेखक अजून शाळेत शिकतो हे कळू नये म्हणून तो भेट टाळत असे. १९१८ मध्ये पियाजे यांनी याच विषयात डॉक्टरेट मिळवली.

गोगलगायींकडून त्यांना एक महत्त्वाची गोष्ट शिकायला मिळाली. तळ्यातील एका जातीच्या गोगलगायींचे शंख शांत पाण्यात लांबट असतात. मोठ्या सरोवराच्या लाटा झेलणाऱ्या काठावर ते आखूड आणि फुगीर होतात. सजीव परिस्थितीशी झुंजत स्वतःला घडवतो. माणसाचे ज्ञानही असेच घडत असेल का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात होता.

मन अनुभव जसाच्या तसा टिपून ठेवत नाही, याचा पुरावा तर घरातच होता. लहानपणी बाबागाडीतून फिरायला नेले असता आपल्याला पळवण्याचा प्रयत्न झाला आणि दाईने झटापट करून वाचवले, हे दृश्य पियाजे यांना लख्ख आठवत असे. ते साधारण पंधरा वर्षांचे असताना दाईचे पत्र आले. सारा प्रसंग तिने रचलेला होता आणि बक्षीस मिळालेले घड्याळ तिने परत पाठवले होते. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीवरून मनाने एक खरीखुरी वाटणारी आठवण उभी केली होती.

डॉक्टरेटनंतर पियाजे झुरिचला मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांच्या रुग्णालयात गेले. रुग्णाला बोलते करणे, उत्तर सुचवायचे नाही, पण धागाही सोडायचा नाही, ही रुग्णतपासणीची रीत त्यांनी तिथे पाहिली आणि पॅरिसच्या शाळेत मुलांसाठी वापरली. डॉक्टरच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. ताप किती आहे हे मोजणे वेगळे आणि तो कशामुळे आला हे शोधणे वेगळे. तोवरच्या चाचण्या फक्त ताप मोजत होत्या.

हे लेखन वाचून स्वतः डॉक्टर असलेले एदुआर क्लापारेद यांनी १९२१ मध्ये त्यांना जिनिव्हातील रूसो संस्थेत बोलावून घेतले. १९२३ मध्ये पियाजे यांचे पहिले मानसशास्त्रीय पुस्तक आले. त्याच वर्षी व्हॅलेंटिन शातेने यांच्याशी विवाह झाला. जॅकलिन, ल्युसिएन आणि लॉराँ या आपल्या तिन्ही मुलांच्या अगदी पहिल्या महिन्यांपासूनच्या हालचाली दोघांनी बारकाईने नोंदवून ठेवल्या.

मोठ्या मुलांसाठीचे प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरात करता येतील इतके साधे होते. दोन सारख्या पेल्यांत सारखेच पाणी घ्यायचे आणि त्यातल्या एकातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचे. चार-पाच वर्षांचे मूल आता पाणी वाढले असे सांगते. सात-आठ वर्षांच्या मुलाला तो प्रश्नच विचित्र वाटतो. बार्बेल इनहेल्डर या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी साखर पाण्यात विरघळवून मुलांचे म्हणणे ऐकले. लहानांच्या मते साखर नाहीशी झाली. थोडी मोठी मुले म्हणत की साखर आहे, पण तिला वजन उरलेले नाही. वजन आणि आकारमान टिकून राहते हे त्याहून उशिरा उमगे. पदार्थाची अक्षय्यता शिक्षकाला एका ओळीत सांगता येते; मुलाला ती अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने उभारावी लागते.

१९२८ मध्ये दावोस येथे आइनस्टाइन यांनी पियाजे यांना विचारले की मुलांना आधी काळ समजतो की वेग. त्यातून सुरू झालेल्या अभ्यासाची दोन पुस्तके १९४६ मध्ये निघाली. जो पुढे पोहोचला तो वेगवान, आणि जो जास्त अंतर गेला त्याला वेळही जास्त लागला, असे लहान मुले धरून चालतात, हे त्यांत दिसले.

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी सर्वांत मोलाचा ठरला तो लंबकाचा प्रयोग. लंबकाचा झोका जलद की सावकाश, हे कशावर अवलंबून? दोऱ्याची लांबी, टोकाचे वजन, सोडण्याची उंची की दिलेला धक्का? लहान मुले एका वेळी सगळेच बदलतात आणि त्यांना हवे ते कारण सापडते. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी, हे किशोरवयात सुचू लागते. मग दोऱ्याची लांबीच महत्त्वाची हे कळते. औषधांच्या चाचण्या याच विचारावर उभ्या आहेत. सर्दीला काढा, वाफ आणि प्रतिजैविक एकदमच घेऊन चार दिवसांत बरे वाटल्यावर सारे श्रेय प्रतिजैविकाला देणारा मोठा माणूस लंबकाच्या प्रयोगातल्या लहान मुलासारखाच विचार करत असतो. पदवी हाती असूनही ही सवय सुटतेच असे नाही. विचाराची ही पद्धत माणूस आपल्या परिचयाच्या क्षेत्रातच वापरतो असे दिसते, हे पियाजे यांनीही पुढे मान्य केले.

१९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत शालेय विज्ञान बदलण्याची घाई सुरू झाली. तिथे पियाजे यांना हटकून विचारले जाई की हे टप्पे लवकर कसे ओलांडता येतील. त्यांना ही घाई मान्य नव्हती. त्याच काळात बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्पलस यांनी त्यांच्या संशोधनाच्या आधारे धड्याचा क्रम उलटा केला : आधी मुलांनी वस्तू हाताळायच्या, मग संकल्पनेचे नाव सांगायचे आणि शेवटी ती नव्या ठिकाणी वापरायची. व्याख्या आधी आणि प्रयोग जमल्यास, या प्रथेच्या हे नेमके विरुद्ध होते.

पियाजे यांचे सगळेच टिकले असे नाही. त्यांनी सांगितलेली वये फार काटेकोर ठरली. प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली की लहान मुलेही बरोबर उत्तर देतात, हे पुढच्या प्रयोगांत दिसले. शिक्षक, सोबती आणि भाषा यांचा वाटा त्यांनी कमी लेखला, ही टीकाही योग्य आहे. त्यांच्याच वर्षी जन्मलेले रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की यांनी त्यावर भर दिला होता. पण मूल कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाही, हा गाभा कायम राहिला. विज्ञान शिकणारे विद्यार्थी मनात कोणत्या पर्यायी कल्पना बाळगतात, याचा शोध नंतर जगभर घेतला गेला. मुंबईत १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही असे संशोधन झाले.

१६ सप्टेंबर १९८० रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी जिनिव्हात पियाजे यांचे निधन झाले. शाळेच्या वहीत चुकीच्या उत्तरावर आजही लाल फुली पडते आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. मग मूल बरोबर उत्तर पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि विरघळलेली साखर नाहीशी झाली ही आपली समजूत मनात तशीच ठेवते. घरी अभ्यास घेताना असे उत्तर आले तर खोडण्याआधी मुलाला ते कसे सुचले हे विचारावे आणि पाच मिनिटे ऐकून घ्यावे. नेमके काय समजावून सांगायचे आहे, ते तेव्हाच कळते.