थकलेल्या मनाला तुकडोजींचा दिनक्रम

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली गावी झाला. मूळ नाव माणिक. घरची परिस्थिती बेताची, शाळा लवकर सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. उमेदीच्या वयात त्यांचा बराच काळ रानावनात गेला. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरजवळ असलेली गोंदोड्याची गुंफा आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखली जाते. मात्र ते जंगलात कायमचे राहिले नाहीत. हातात खंजिरी घेऊन ते गावागावांत फिरू लागले.

ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर पेटले. महाराजांच्या भजनांनी लोक चेतवले, असा सरकारचा ठपका होता. त्यांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात काही महिने काढून ते डिसेंबरात सुटले. इकडे चिमूरकरांनी लष्कराचे अत्याचार सोसले होते.

अशी दहशत लांबली की मेंदूत काय होते, हे आज बरेच उलगडले आहे. संकट दिसताच शरीरात कॉर्टिसॉल आणि इतर संप्रेरके वाढतात. थोड्या वेळापुरती ती उपयोगाचीच असतात. मात्र ताण महिनोन्‌महिने टिकला, तर स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखडतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. नियोजन आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग दुबळा पडतो. भीतीची घंटा वाजवणारा अमिग्डाला मात्र अधिक जागा होतो. माणूस विसरतो, चिडतो, पुढचा विचार टाळतो. यात आळस किंवा कमकुवतपणा नसतो.

नुसत्या बौद्धिक श्रमाचाही असाच परिणाम होतो. पॅरिसमधील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले, की दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचते. अशा वेळी माणसे दूरच्या मोठ्या फायद्यापेक्षा हाताशी असलेल्या छोट्या फायद्याकडे झुकतात. म्हणूनच थकल्या डोक्याने कर्जाचा किंवा जमीन विकण्याचा निर्णय घेऊ नये.

तुरुंगातून सुटल्यावर, १९४३ मध्ये, महाराजांनी श्री गुरुदेव सेवा मंडळाची घडी बसवली. पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, सोबत ग्रामसफाई आणि श्रमदान असा गावाचा दिनक्रम त्यांनी आखला. जातपात बाजूला ठेवून सगळ्यांनी एका रांगेत बसायचे. त्यांच्या डोळ्यांपुढे गाव उभे करणे होते, मेंदूविज्ञान नव्हते. तरीही आजचे डॉक्टर ताणावर जे सुचवतात, त्यातले बरेच या दिनक्रमात सापडते: ठरलेल्या वेळी उठणे, शांत बसणे, अंगमेहनत आणि माणसांची सोबत. संथ लयीत गाताना श्वास सोडण्याचा काळ लांबतो, नाडी मंदावते. एकटेपणा हा स्वतःच एक ताण आहे. रोज संध्याकाळी चार माणसे भेटली, की तो हलका होतो.

दारूला महाराजांचा कडाडून विरोध होता. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेत त्यांनी व्यसनांवर लिहिले. दारूने ताण उतरल्यासारखा वाटतो, पण झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी अस्वस्थता वाढते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातील बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा असो वा नसो, थकलेल्या मेंदूवर दारू हा उतारा नाही.

याच वर्षी, १९५५ मध्ये, महाराज जपानमधील विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. पुढे कर्करोगाने गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात त्यांचे निधन झाले.

आज चिमूर, सिंदेवाही, ब्रह्मपुरी भागातील शेतकरी रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी रात्री जागलीला जातो. मोहफुले वेचताना, तेंदूपत्ता तोडताना वाघाची धास्ती असते. झोप अपुरी आणि भीती रोजची, हा मेंदूला झिजवणारा जोड आहे. जागली घरातल्यांनी किंवा शेजाऱ्यांनी पाळीपाळीने करावी. रात्र जागून काढली, तर दुपारची झोप चुकवू नये. ताण उतरल्यावर मेंदू बऱ्याच अंशी सावरतो, ही दिलाशाची बाब आहे.

मात्र झोप सतत उडाली, कशातच मन लागेना, जीव नकोसा वाटू लागला, तर केवळ भजन-ध्यानावर थांबू नये. गावातल्या आशाताईंशी बोलावे, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.