व्याधीशी झुंजणारे बाबासाहेब

थोर पुरुषांची चरित्रे आपण त्यांच्या पराक्रमासाठी वाचतो. त्यांच्या दुखण्याखुपण्याची पाने सहसा भराभर उलटली जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील हीच पाने मला अधिक विचार करायला लावतात. त्यांनी सामाजिक विषमतेशी दिलेला लढा सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेळी ते मधुमेहाशीही झुंजत होते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. त्याच वर्षी, बरोबर सात महिन्यांनी, १४ नोव्हेंबरला कॅनडात फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. एक वकील व अर्थशास्त्रज्ञ, दुसरा शल्यवैद्य. परंतु पुढे एकाच्या शोधाने दुसऱ्याच्या अखेरच्या वर्षांना आधार दिला.

१९१३ साली बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला आले. हे दिवस अर्धपोटी काढलेले. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, मग ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन, रात्री भूक भागवायला भाजलेले पापड. नेमक्या याच काळात, १९२१ च्या उन्हाळ्यात, टोरांटो येथे बँटिंग आणि त्यांचे तरुण सहकारी चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मरणासन्न मुलाला ते टोचण्यात आले आणि तो वाचला. १९२३ साली बाबासाहेबांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली, बँटिंग यांना नोबेल पारितोषिक.

पुढची कथा महाड, नाशिक, पुणे, येवले अशी सर्वश्रुत आहे. आपल्या खानदेशालाही त्यांचे पाय लागले. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयाच्या कामासाठी ते धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. आजही त्या दिवशी तेथे यात्रा भरते.

ऑगस्ट १९४७ मध्ये घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सात सभासदांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, बाकीचे इतर व्यापात. म्हणून बराचसा भार एकट्या बाबासाहेबांवर पडला. मधुमेहाने तोवर जोर धरला होता. पाय दुखत, रात्र रात्र झोप लागत नसे. मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे उपचार घेताना तेथे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांचा परिचय झाला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. इन्सुलिनची टोचणी आणि खाण्यापिण्याचे पथ्य पाहण्याचे काम आता माईसाहेबांनी अंगावर घेतले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांची राज्यघटना स्वीकारली गेली. तिच्यामागे या पथ्यपाण्याचाही वाटा आहे, असे मी मानतो.

मला सर्वांत भिडतो तो १९५१ सालचा प्रसंग. प्रकृती ढासळत होती आणि डॉक्टर महिनाभर उपचारांसाठी मागे लागले होते. १० ऑगस्टला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. आपण स्वतःला डॉक्टरांच्या हाती सोपवण्यापूर्वी हिंदू कोड बिलाचा निकाल लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती. औषधाआधी स्त्रियांचा वारसाहक्क! बिल रखडले आणि २७ सप्टेंबरला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

१९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते. दृष्टीही मंदावली. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. ५ डिसेंबरच्या रात्री ते आपल्या बुद्धचरित्राच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. त्याच रात्री झोपेत त्यांची प्राणज्योत मालवली. पुढे माईसाहेबांवर संशय घेतला गेला, परंतु सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिकच ठरला.

त्या काळी चरबी म्हणजे शरीराचे नुसते कोठार, असे समजत. १९९४ मध्ये, बाबासाहेब शिकले त्या न्यूयॉर्कमध्येच, चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. कोठार भरले आहे, आता खाणे आवर, असा निरोप ते मेंदूला देते. पुढल्याच वर्षी ॲडिपोनेक्टिन सापडले. त्याच्यामुळे यकृत आणि स्नायू इन्सुलिनचे ऐकतात. पोटात चरबी साचली की ते घटते आणि चरबी यकृतात उतरते. मेदाने भरलेले यकृत इन्सुलिनचा हुकूम मानत नाही. रक्तात साखर पुरेशी असूनही ते आणखी सोडत राहते. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून शेवटी थकते. हे केवळ लठ्ठांनाच होते असे नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली आपली तुलना इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्याशी केली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आमच्या मेहरूणच्या सडपातळ माणसांनाही साखर का होते, याचे उत्तर बरेचसे येथे आहे.

बाबासाहेबांच्या आजारावर आजचे निदान लादण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या हाती इन्सुलिन आणि पथ्य एवढेच होते, आणि तेवढ्यावर त्यांनी देशाला घटना दिली. आपल्याला आजाराची मुळे कितीतरी अधिक कळली आहेत, शरीरही धडधाकट आहे. मग कामाचे काय, हा प्रश्न मित्रांनो, मी आपणा सर्वांपुढे ठेवतो.