न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

उच्च न्यायालयाच्या पदरी फौज नसते. हरलेला पक्षकार निवाडा शिरसावंद्य मानून घरी जातो, तो न्यायाधीशाने दोन्ही बाजू समजून घेतल्या या विश्वासाने. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झाले तेव्हा हा विश्वास संपादन करणे सोपे नव्हते. न्यायासनावर इंग्रज होते. आणि दत्तक, वारसा, वाटणी यांचे तंटे मात्र हिंदू धर्मशास्त्रानुसार सोडवावयाचे होते. अदालतींतील शास्त्र्यांची पदे १८६४ साली रद्द झाली, तेव्हापासून मिताक्षरेचा अर्थ बहुधा भाषांतरांवरूनच लावला जाऊ लागला.

ही उणीव ज्यांनी भरून काढली त्यांत काशिनाथपंत तेलंग अग्रगण्य होत. गौड सारस्वत कुळात, ३० ऑगस्ट १८५० रोजी, मुंबईत त्यांचा जन्म झाला. शिक्षण एल्फिन्स्टन विद्यालयात व महाविद्यालयात झाले. १८७२ साली त्यांना उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिलीची सनद मिळाली. संस्कृत ग्रंथ मुळातून वाचणारा आणि इंग्रजीवर पूर्ण प्रभुत्व असलेला हा तरुण अल्पावधीतच नावारूपास आला. सरकारी नोकरी चालून आली असता त्यांनी ती नाकारली. भगवद्गीतेचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८८२ साली मॅक्समुल्लरांच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. इल्बर्ट विधेयकाच्या वादात ते हिरिरीने बोलले, राष्ट्रीय सभेच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. तरीही १८८९ साली सरकारने त्यांना न्यायमूर्तिपद दिले, हे उभय पक्षांस भूषणावह होय.

न्यायासनावरील त्यांचे सर्वांत संस्मरणीय लेखन म्हणजे एक भिन्नमत. बाप आपल्या वडिलांशी वा भावांशी अविभक्त असता, त्याच्या संमतीवाचून मुलास वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी मागता येईल काय, असा प्रश्न अप्पाजी नरहर कुलकर्णी यांच्या दाव्यात पूर्णपीठापुढे आला. बहुमत नकारार्थी पडले. मिताक्षरेने मुलाला जन्मतःच हक्क दिला असता तो असा अडवता येणार नाही, हे तेलंगांनी मूळ ग्रंथांच्या आधारे सविस्तर मांडले. मुंबई इलाख्यात बहुमताचाच निर्णय चालू राहिला. परंतु हरलेल्या मुलाची बाजूही त्याच न्यायालयाच्या दप्तरात तितक्याच तोलाने नोंदली गेली, आणि कायदेपंडितांना तिची दखल घ्यावी लागली. गोमंतकात त्या वेळी पोर्तुगीज दिवाणी संहिता असल्याने हा वाद आपल्या कुटुंबांपर्यंत पोहोचला नाही. त्याच उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीस आले ते १९८२ साली.

तेलंगांच्या चरित्रात एक बोचणारी गोष्टही आहे. बालविवाहाविरुद्ध बोलणाऱ्या या सुधारकाने घरच्या वडीलधाऱ्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून स्वतःच्या कन्येचे लग्न लहान वयात लावून दिले. सुधारकांत त्यावरून मोठे काहूर उठले. समाजकारणातील त्यांच्या शब्दाचे वजन त्यामुळे घटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. न्यायमूर्ती म्हणून त्यांच्यावरील विश्वास मात्र ढळला नाही. तेथे ते घरच्या भिडेने नव्हे, ग्रंथाच्या अर्थाने बांधलेले होते.

१८९२ साली ते मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. प्रकृती तेव्हाच खालावली होती. १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिक्त जागी महादेव गोविंद रानडे यांची नियुक्ती झाली.