मगर घेऊन शाळेत गेलेल्या मुलीने सरड्यांना घर कसं बांधून दिलं?

लंडनमधली मुलींची एक शाळा. गणिताचा तास. आणि वर्गात एक छोटी मगर.

ही मगर शाळेत आणली होती जोन प्रॉक्टर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने. बाईंची काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच विचार करा. पण जोनला ओळखणाऱ्यांना यात फार नवल वाटलं नसणार.

आज जगभरात लोक घरी बिअर्डेड ड्रॅगन पाळतात. काचेची पेटी, एका कोपऱ्यात गरम दिवा, वर अल्ट्राव्हायोलेट ट्यूब, दुसऱ्या कोपऱ्यात लपायला जागा, असा तो सेटअप असतो. रील्समध्ये तुम्हीही पाहिला असेल.

प्राण्याची पेटी अशी असायला हवी, हे शंभर वर्षांपूर्वी एका मोठ्या इमारतीत करून दाखवणाऱ्यांमध्ये जोन प्रॉक्टर यांचं नाव पुढे येतं. हे काम करायला त्यांना आयुष्य मिळालं फक्त ३४ वर्षांचं.

जेवणाच्या टेबलावर पाल

जोनचा जन्म ५ ऑगस्ट १८९७ चा, लंडनचा. वडील शेअर बाजारात, आई चित्रकार. घरात पैसा होता, पुस्तकं होती, आणि लवकरच सापही आले.

दहा वर्षांची होईपर्यंत जोनकडे साप आणि पालींचा छोटा संसारच जमला होता. त्यातली एक डाल्मेशियन पाल तर तिच्यासोबत सगळीकडे जायची. जेवतानाही तिची जागा जोनच्या शेजारीच.

पण याच मुलीला लहानपणापासून आतड्यांचा जुनाट आजार होता. दुखणं, ऑपरेशन, अंथरूण हे चक्र सतत सुरू असायचं. अभ्यासात ती हुशार होती आणि केंब्रिजला जाण्याचं स्वप्न होतं. तब्येतीने ते होऊ दिलं नाही.

इथे गोष्ट संपली असती. पण ब्रिटिश म्युझियमच्या नैसर्गिक इतिहास विभागात जॉर्ज अल्बर्ट बूलेंजर नावाचे शास्त्रज्ञ होते. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. शाळकरी जोनचे प्रश्न ऐकून त्यांनी तिला हेरलं होतं. १९१६ मध्ये त्यांनी तिला हाताखाली घेतलं.

पुढच्याच वर्षी, वयाच्या १९ व्या वर्षी, जोनने झूऑलॉजिकल सोसायटीसमोर एका विषारी सापावरचा शोधनिबंध मांडला. १९२० मध्ये बूलेंजर निवृत्त झाले आणि म्युझियममधल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची जबाबदारी जोनवर आली. कॉलेजची पदवी हातात नसताना.

म्युझियममधून झूमध्ये

म्युझियममधले प्राणी मेलेले असतात, बाटलीत असतात. त्यांना ऊब लागत नाही.

१९२३ मध्ये जोन प्रॉक्टर लंडन झूमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या क्युरेटर झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आता समोर होते जिवंत साप, अजगर, मगरी आणि सरडे.

साप-सरड्यांचं शरीर आपल्यासारखी स्वतःची उष्णता पुरेशी तयार करत नाही. ऊन मिळालं की ते तापतात, सावलीत गेले की थंड होतात. अन्न पचायचं असेल तरी त्यांना बाहेरून ऊब लागते. लंडनच्या धुक्यात आणि कोळशाच्या धुरात ती कुठून येणार?

मग पूर्ण खोली सारखीच गरम करायची का? तेही चालत नाही. रानात सरडा दगडावर ऊन खातो, तापला की खाली सरकतो. दिवसभर हेच सुरू असतं. पेटीत सगळीकडे एकच तापमान असेल तर त्याला निवडच उरत नाही.

दुसरा प्रश्न उजेडाचा. १९२० च्या दशकात शास्त्रज्ञांना एक गोष्ट उलगडत होती. उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांमुळे अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर मुलांना मुडदूस होतो, हाडं वाकतात. सरड्यांचंही तसंच. आणि खिडकीची साधी काच नेमके हेच किरण अडवते. म्हणजे काचेमागे उजेड दिसतो, पण कामाचा भाग बाहेरच राहतो.

दगड, वायर आणि काच

प्रॉक्टर यांना चित्रकलेची आणि मॉडेल बनवण्याची चांगली जाण होती. १९२४ मध्ये सुरू झालेल्या झूच्या मत्स्यालयातले कृत्रिम खडक आणि देखावे त्यांच्याच डोक्यातून आले होते. त्यानंतर त्यांच्याकडे आलं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम : नवं रेप्टाइल हाऊस.

वास्तुविशारद होते एडवर्ड गाय डॉबर. पण आत प्राणी कसे राहणार, याची आखणी प्रॉक्टर यांची. १९२७ मध्ये इमारत खुली झाली. त्यात काय होतं?

– विजेवर चालणारी वेगवेगळी ऊब. एकाच पिंजऱ्यात काही भाग गरम, काही भाग थंड. कुठे बसायचं ते प्राण्याने ठरवायचं.

– खास काच. 'व्हिटा ग्लास' नावाची ही काच अल्ट्राव्हायोलेट किरण आत येऊ द्यायची.

– अंधारी गॅलरी, उजळलेले पिंजरे. मत्स्यालयासारखी रचना. लोक अंधारात आणि प्राणी उजेडात.

आजचा बिअर्डेड ड्रॅगनचा सेटअप आठवा. ऊन खायच्या जागी साधारण ४० अंश सेल्सिअस, थंड टोकाला २५ च्या आसपास. दिवसाचे दहा-बारा तास अल्ट्राव्हायोलेट ट्यूब, आणि ट्यूब व प्राण्याच्या मध्ये काच नाही. सामान बदललं, तत्त्व तेच आहे.

योगायोग बघा. ऑस्ट्रेलियातल्या याच बिअर्डेड ड्रॅगनला शास्त्रीय नाव मिळालं १९२६ मध्ये, म्हणजे लंडनचं रेप्टाइल हाऊस आकाराला येत होतं तेव्हा. आपल्या कुंपणावर मान हलवणारा सरडाही त्याच कुळातला.

ड्रॅगन आला आणि माणसाळला

१९२७ मध्येच लंडनला दोन खास पाहुणे आले. इंडोनेशियाचे कोमोडो ड्रॅगन. हा जगातला सगळ्यात मोठा सरडा, आपल्या घोरपडीचा जवळचा नातेवाईक. शास्त्राला तो माहीत होऊन तेव्हा जेमतेम १५ वर्षं झाली होती, आणि माणसं फाडून खाणारा राक्षस अशी त्याची ख्याती होती.

त्यातल्या एकाचं नाव सुम्बावा. प्रॉक्टर यांनी त्याला हाताने खायला घातलं. अंडी, कबुतर, कोंबडी. त्याला आजार झाले तर उपचार केले. ऑक्टोबर १९२८ मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत त्या थेट जिवंत ड्रॅगन घेऊनच हजर झाल्या. लोकांच्या गर्दीत तो शांतपणे फिरायचा.

राक्षस म्हणून आलेला प्राणी इतका शांत कसा झाला? ऊब, उजेड, पोटभर अन्न आणि रोजची ओळखीची माणसं, एवढं त्याला मिळालं होतं.

या काळात प्रॉक्टर यांची स्वतःची तब्येत मात्र ढासळत होती. चालणं अवघड झालं तेव्हा त्या विजेवर चालणाऱ्या खुर्चीत बसून झूमध्ये फेरी मारायच्या. कधी कधी सोबत ड्रॅगन असायचा.

१९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी २० सप्टेंबरला, झूच्या जवळच असलेल्या घरात, त्यांचं निधन झालं.

पिल्लं हवीत? आधी हे बघा

प्रॉक्टर यांच्या कामातून एक क्रम दिसतो. आधी घर, मग प्राणी. बिअर्डेड ड्रॅगनची पिल्लं घरी काढायची म्हटलं तर हा क्रम आणखी कडक होतो.

नर आणि मादी कायम एकत्र ठेवले तर नर मादीला सतत त्रास देतो, म्हणून दोन वेगळी घरं लागतात. मादी पूर्ण वाढलेली हवी आणि तिच्या आहारात भरपूर कॅल्शियम हवं, कारण अंड्यांचं कवच तिच्याच अंगातून बनतं. अंडी घालायला तिला खोल, ओलसर माती लागते.

एका वेळी वीसच्या आसपास अंडी येऊ शकतात. ती न उलटवता उचलून २८-२९ अंशांवर दोन महिने सांभाळायची. तापमान ३२ च्या वर गेलं तर जनुकांनी नर असलेली पिल्लंही मादी म्हणून जन्मू शकतात, असं संशोधनातून दिसलं आहे.

आणि पिल्लं बाहेर आली की खरी परीक्षा. गर्दीत ती एकमेकांची बोटं आणि शेपट्या चावतात. म्हणजे आकाराप्रमाणे वेगळ्या पेट्या, प्रत्येकीत दिवा, प्रत्येकीत ट्यूब. वीस पिल्लांना पुढे कोण घेणार, हे अंडी उबवायच्या आधी ठरलेलं हवं.

भारतात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला घरी ठेवणं गुन्हा आहे. परदेशी प्राणी आणण्याआधीही कायदा तपासावाच लागतो.

जोन प्रॉक्टर यांनी बांधलेलं ते रेप्टाइल हाऊस त्यांच्या मृत्यूनंतरही कित्येक दशकं साप-सरड्यांना सांभाळत राहिलं. ज्या बाईला स्वतःच्या शरीराने कधी स्वस्थ बसू दिलं नाही, तिने दुसऱ्या जिवांना मात्र निवांत ऊन खाता येईल, अशी जागा करून दिली.