कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक : प्रश्नांस न भिणारा ख्रिस्तभक्त

प्रतिवर्षीं तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगांव केतकी, इंदापूर ह्या मार्गानें पंढरीकडे जाते. ज्या अभंगांवर तुमचे आजे-पणजे वाढले, ते ख्रिस्ती झाल्यानें तुम्हांस परके झाले काय, असें शेजाऱ्यानें अशा वेळीं विचारिलें तर आपण काय सांगावें? शिकलेलीं आपलीं मुलें तर ह्याहून पुढें जातात. ख्रिस्ती होणें म्हणजे परदेशीयांचें होणें कीं काय, आणि जातिभेद, दुष्काळ व रोगराई ह्यांविषयीं आपल्या ईश्वरविद्येस कांहीं सांगावयाचें आहे कीं नाहीं, असें तीं विचारतात. हे प्रश्न ज्यांनीं प्रथम स्वतःसच विचारिले, त्या कै. टिळकांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं एका चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. आईचें छत्र लहानपणींच हरपलें. नाशकास त्यांनीं संस्कृताचा अभ्यास केला, आणि १८८० सालीं लक्ष्मीबाईंशीं त्यांचा विवाह झाला. विद्या होती, कवित्व होतें, परंतु मनास स्वस्थता नव्हती. जातिभेदानें पोखरलेल्या देशाचें कल्याण कशानें होईल, ही चिंता त्यांस एकसारखी लागलेली असे. एक ईश्वर आणि मनुष्यमात्राचें बंधुत्व ह्यांवर उभारलेला एखादा नवा धर्मच आपण स्थापावा, असेंही त्यांच्या मनांत आलें होतें.

१८९३ सालीं राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्याशीं काव्याविषयीं संभाषण केलें व नवा करार त्यांच्या हातीं दिला. वाचतां वाचतां ते डोंगरावरील प्रवचनापाशीं आले, आणि जें शोधीत होते तें त्यांस तेथें सांपडलें. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ह्या उत्तराची किंमत मोठी पडली. आप्तांनीं त्यांस टाकिलें. लक्ष्मीबाई लहानग्या पुत्रास घेऊन दूर झाल्या व कांहीं काळ पंढरपुरीं नातलगांच्या आश्रयास राहिल्या. पुढें त्या पतीकडे परत आल्या, तरी सोवळेंओवळें त्यांनीं लागलेंच सोडिलें नाहीं. जाति देवानें केल्या कीं माणसांनीं, ह्याचा निकाल त्यांनीं स्वतःच्या मनाशीं लाविला, आणि मगच १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. त्या सुमाराच्या दुष्काळांत ह्या दांपत्यानें अनाथ मुलांस आपल्या घरीं आसरा दिला. दुःख कां येतें ह्या प्रश्नाला त्यांचें पहिलें उत्तर तेंच होतें.

अहमदनगरास टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मविद्यालयांत शिकवीत. १९०४ सालीं त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी भागाचें संपादन त्यांजकडे आलें. खेड्यांतील माणूस परकीय चालीवरचें भाषांतरित गीत गातो खरा, पण त्याचें हृदय त्यांत गात नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें. म्हणून त्यांनीं अभंग, भजन व कीर्तन प्रभूच्या सेवेस लाविलें. वारकऱ्यानें विठोबास माउली म्हटलें; टिळकांनीं ख्रिस्तास माउली म्हणून हांक मारिली. ह्यांत शास्त्राबाहेरचें कांहींच नव्हतें. यरुशलेमेसाठीं शोक करितांना प्रभूनें पिलांस पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला होता, आणि तो दाखला आपल्या अंगणांतील कोणत्याही आजीबाईस समजावून सांगावा लागत नाहीं. यहुद्यांस जसा जुना करार, तशी महाराष्ट्रास संतांची वाणी ही ख्रिस्ताकडे नेणारी वाट आहे, असें टिळक मानीत. तुकोबांच्या मार्गानेंच आपण प्रभूच्या चरणांपाशीं पोहोंचलों, असें ते सांगत. देशप्रीति आणि ख्रिस्तप्रीति ह्यांत त्यांस विरोध दिसला नाहीं.

१९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडिली आणि देवाचा दरबार नांवाचा बंधुसमाज स्थापण्याचें योजिलें. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त असावयाचे होते. बाप्तिस्म्याची थोरवी आम्ही कमी मानीत नाहीं, म्हणून ह्या योजनेविषयीं आमच्या मनांत शंका आहे. तथापि दाराबाहेर घुटमळणाऱ्या जिज्ञासूविषयीं टिळकांस जो कळवळा होता, तो आपणांत किती आहे, हें आपण आपल्या मनास विचारावें.

ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहाचें दहन करण्यांत आलें. ख्रिस्तायन हें त्यांचें काव्य अपुरें राहिलें होतें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या वाडीवस्तीवर कोणी कठीण प्रश्न केला तर त्यास निंदक समजूं नका, व पाठ केलेलें उत्तर घाईनें देऊं नका. प्रथम त्याचें दुःख ऐकून घ्या. त्यास जें ठाऊक आहे, जें तो भक्तीनें गातो, तेथून बोलण्यास आरंभ करा आणि त्यास प्रभूपर्यंत आणा. उत्तर तत्काळ सुचलें नाहीं, तर त्याच्याजवळ बसून राहा. त्याच्या घरीं अडचण असेल तर आधीं तेथें हात लावा. जो प्रश्न विचारतो तो अजून शोधीत आहे, आणि शोधणाऱ्यास प्रभु रिकामा पाठवीत नाहीं.