विश्रांतीस कंटाळलेला व्यापारी : हाइनरिख श्लीमान

साठी बुद्धी नाठी अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. नोकरीतून वा व्यापारातून मोकळ्या झालेल्या गृहस्थास आप्तेष्ट ती विनोदाने ऐकवितात आणि पुष्कळदा तो बिचारा ती खरीही मानू लागतो. आमची शिक्षकी संपली त्यानंतरचे काही महिने, शाळेची घंटा कानी पडली की आमचे पाय आपोआप त्या दिशेस वळत. रिकाम्या हातांचे दुःख काय असते ते आम्हांस तेव्हा कळले. म्हणूनच ज्ञातीच्या या स्मरणिकेत एका परदेशी व्यापाऱ्याचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

हाइनरिख श्लीमान याचा जन्म ६ जानेवारी १८२२ रोजी उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात झाला. वडील धर्मोपदेशक होते. नवव्या वर्षी मातृवियोग झाला. पुढे घरच्या ओढग्रस्तीमुळे शिक्षण अर्धवट सोडून चौदाव्या वर्षी तो एका वाण्याच्या दुकानी उमेदवार म्हणून राहिला. जड पिंप उचलताना छातीस इजा झाल्याने ती नोकरीही सुटली. १८४१ साली दक्षिण अमेरिकेस निघाला, तो हॉलंडच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले. ॲमस्टरडॅम येथे कारकुनी करीत, पोटाला चिमटा घेऊन त्याने एकामागून एक भाषा आत्मसात केल्या. मोठ्याने वाचावे, रोज लिहावे, चुका दुरुस्त करून पाठ करावे, ही त्याची पद्धत आम्ही शिक्षकांनी ध्यानी घेण्याजोगी आहे. रशियन भाषा अवगत झाल्यामुळे १८४६ साली पेढीने त्यास सेंट पीटर्सबर्ग येथे आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले. तेथे त्याचे भाग्य उदयास आले. त्याचा मुख्य व्यापार निळीचा. हिंदुस्थानातील शेतकऱ्याच्या घामातून निघालेली नीळ त्या काळी युरोपच्या बाजारपेठा भरीत असे. क्रिमियाच्या युद्धात त्यास अपार नफा झाला.

१८६४ च्या सुमारास, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने व्यापार आटोपता घेतला. सात पिढ्यांना पुरेल एवढे द्रव्य गाठीस होते. नव्हते ते स्वास्थ्य. ईजिप्त, हिंदुस्थान, चीन, जपान असा प्रवास झाला. चीन-जपानवर पुस्तकही लिहून झाले. तरी मन कोठे रमेना. रशियन पत्नीशी पटत नव्हते. पुढे तिच्याशी व तीन मुलांशी त्याची ताटातूट झाली, हे त्याच्या चरित्रातील दुःखद प्रकरण होय. अखेर १८६६ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो पॅरिस येथे विद्यार्थी होऊन तरुण मुलांच्या बाकावर जाऊन बसला. ज्याच्या शब्दावर लाखोंचे सौदे होत, त्याने पुन्हा वही-लेखणी हाती धरावी, हा प्रसंग आम्हांस त्याच्या संपत्तीहून मोलाचा वाटतो.

ग्रीक महाकवी होमर याने इलियडमध्ये वर्णिलेले ट्रॉय नगर केवळ कविकल्पना आहे, असे त्या काळच्या अनेक विद्वानांचे मत होते. श्लीमानचा मात्र त्यावर गाढ विश्वास. १८६८ साली तो तुर्कस्तानात गेला. तेथे फ्रँक कॅल्व्हर्ट या गृहस्थाने त्यास हिसार्लिकची टेकडी दाखवून ट्रॉय येथेच असावे हे पटवून दिले. कॅल्व्हर्टने तेथे आधी थोडे खणलेही होते. पुढे कीर्ती पावल्यावर श्लीमानने या उपकाराची जाण ठेवावी तशी ठेवली नाही.

१८७१ ते १८७३ या काळात तो आपल्या द्रव्याने आणि शेकडो मजुरांच्या साहाय्याने ती टेकडी खणीत होता. सोबतीस सोफिया ही त्याची दुसरी, ग्रीक पत्नी असे. परंतु व्यापाऱ्याची घाई त्याच्यासंगे तेथेही आली. ट्रॉय सर्वांत तळाशी असणार असे गृहीत धरून त्याने टेकडीच्या पोटातून प्रचंड चर खणला आणि वरचे थर, त्यांतील भिंतींसह, उखडून टाकले. मे १८७३ मध्ये सोन्याचे अलंकार व पात्रे सापडली. तो राजा प्रायमचा खजिना असे त्याने जाहीर केले आणि तुर्की सरकारला चुकवून तो अथेन्सला नेला. पुढे खटला झाला व १८७५ साली ५०,००० फ्रँक भरून प्रकरण मिटले. वास्तविक तो खजिना ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळाहून हजार वर्षांपेक्षाही अधिक जुना ठरला. ज्या थरांचा शोध करावयाचा, त्यांचाच काही भाग त्याच्या कुदळीने नष्ट झाला होता. १८७६ साली ग्रीसमधील मायसीनी येथे सुवर्णाचे मुखवटे ल्यालेली राजघराण्याची प्रेते सापडली व त्याचे नाव जगभर झाले.

आम्हांस मात्र त्याचा खरा मोठेपणा त्यानंतर दिसतो. १८८२ साली, साठाव्या वर्षी, त्याने व्हिल्हेल्म डोर्पफेल्ड या अठ्ठावीस वर्षांच्या वास्तुतज्ज्ञास सोबत घेतले. एकेक थर निरखून, मोजून, त्याची नोंद करून खणण्याची शिस्त या तरुणाने उत्खननात आणली आणि श्लीमानने ती स्वीकारली. १८९० साली वरच्या थरांत मायसीनीच्या धर्तीची मातीची भांडी निघाली, तेव्हा आपले अनुमान चुकले असावे, हे त्या अडुसष्ट वर्षांच्या वृद्धास दिसू लागले. तरी तो खचला नाही. पुढील वर्षी पुन्हा खणावयाचा त्याचा बेत होता. परंतु कानाच्या शस्त्रक्रियेनंतर विकार बळावून २६ डिसेंबर १८९० रोजी नेपल्स येथे त्याने देह ठेवला. त्याचे अपुरे काम १८९३-९४ मध्ये डोर्पफेल्डने पुढे नेले.

आपल्या ज्ञातीतही दुकान मुलांच्या हाती सोपवून ओटीवर बसलेले वडीलधारे अनेक आहेत. त्यांनी पुन्हा गादीवर जाऊन मुलांच्या हिशेबात ढवळाढवळ करावी असे आम्ही म्हणणार नाही. बालपणी परिस्थितीमुळे जे राहून गेले, ते आता हाती घ्यावे. मात्र नव्या कामात जुना तोरा नेऊ नये. आपल्याहून लहान माणसास गुरू करण्यात कमीपणा मानू नये. श्लीमानने हा धडा दहा वर्षे आधी घेतला असता, तर ट्रॉयच्या भिंती कितीतरी अधिक शाबूत राहिल्या असत्या.