अडायची नाही अशी बंदूक

सोनाळ्याच्या पोरांना जागल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वर अंबाबरव्याचं जंगल, खाली शेतं. हरभरा उभा असला की रानडुक्करं उतरणारच. तुमच्या आजोबांच्या पिढीला विचारा, गावात एखाद्याकडे ठासणीची बंदूक असायची. नळीत वरून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, आणि एवढं करून मिळणार एकच बार. तो फुसका गेला तर पुन्हा पहिल्यापासून. समोर डुक्कर थांबतंय होय!

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे त्याचा बापही असल्याच बंदुका दुरुस्त करायचा. फक्त गाव सातपुड्यातलं नव्हतं. अमेरिकेतल्या युटा प्रांतातलं ऑग्डेन. बाप जोनाथन ब्राउनिंग, आणि १८५५ च्या जानेवारीत जन्मलेला पोरगा जॉन मोझेस ब्राउनिंग. घर केवढं, तर तीन बायका आणि बावीस लेकरं. दुकानाच्या मागे मोडक्या बंदुकांचं भंगार. जॉनचं खरं कॉलेज तेच. दहा वर्षांचा असताना त्याने त्या भंगारातली नळी उचलून स्वतःची पहिली बंदूक जुळवली. आपण जिला जुगाड म्हणतो तीच जात, पण चालली.

१८७९ हे साल त्याला एकदम अंगावर आलं. लग्न झालं, वडील गेले आणि एकबारी रायफलचं पहिलं पेटंट हातात पडलं. भावांना घेऊन त्याने गावातच छोटा कारखाना काढला. सहाशेच्या आसपास रायफली बनवल्या असतील. त्यातली एक विंचेस्टर कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याच्या नजरेला पडली, त्याने ती न्यू हेवनला धाडली. १८८३ मध्ये कंपनीचा बडा साहेब टी. जी. बेनेट आगगाडीत बसून स्वतः ऑग्डेनला आला आणि आठ हजार डॉलरला त्या रायफलचे हक्क घेऊन गेला. ज्याला कागदावर नीट नकाशा काढायची सवय नव्हती, डोक्यात कल्पना करून थेट लोखंड घासायला बसायचा, त्याच्या दुकानात एवढी मोठी कंपनी चालत आली.

आता जरा यंत्राकडे या, कारण माणूस तिथेच कळतो. त्या वेळी विंचेस्टरची १८७३ ची लीव्हर रायफल जोरात होती. चापाभोवतीची कडी खाली ढकलायची, वर ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. नळीखालच्या पोकळीत काडतुसं एकामागे एक आडवी. तिचं .४४-४० काडतूस पुढे कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही बसू लागलं. रायफल आणि पिस्तूल दोन्हींना एकच काडतूस, खिशात एकच डबी. घोड्यावरून दिवसचे दिवस भटकणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय? (लोक त्याला पिस्तुलाचं काडतूस म्हणतात, पण ते आधी रायफलचं होतं, हे लक्षात असू द्या.)

पण तिची बैठक नाजूक. आतली कुलपाची रचना गुडघ्यासारखी, दोन दांड्या सरळ झाल्या की दार बंद. छोट्या काडतुसाला ठीक, मोठ्या दारूला ती पुरी पडेना. दुसरी खोड काडतुसाच्या लांबीची. आत एक पितळी ठोकळा लिफ्टसारखा वरखाली होतो, त्यात बरोबर एकच काडतूस मावलं पाहिजे. ते आखूड निघालं तर पुढच्या काडतुसाचं बूड ठोकळ्यात शिरतं आणि लिफ्ट अडकते. आजही अशा जुन्या घाटाच्या बंदुका अडतात त्याची कारणं फार बदललेली नाहीत. काडतुसाची लांबी चुकीची, गोळीचं नाक सपाट कापलेलं आणि कडेला धार, किंवा हाताळणाऱ्याने कडी पूर्ण खाली न नेताच परत ओढलेली. हे शेवटचं सगळ्यात जास्त. घाबरलेला माणूस अर्धवट ओढतो, आणि दोष बंदुकीला! नाक टोकदारही चालत नाही, कारण नळीत पुढच्या काडतुसाच्या बुडाशीच, जिथे ठिणगी पडते तिथे, मागच्याचं टोक टेकलेलं असतं.

ब्राउनिंगने आधी मोठ्या काडतुसांसाठी १८८६ ची रायफल केली. गुडघा काढून टाकला आणि दाराच्या दोन बाजूंना दोन उभे अडसर दिले. आपल्या जुन्या वाड्याच्या दाराला असतो तसा अडसर, फक्त उभा. मग बेनेटला तीच चीज लहान करून हवी झाली, १८७३ च्या जागी. ब्राउनिंगच्या घरात सांगितली जाणारी हकीकत अशी की बेनेटने तीन महिन्यांत दिली तर दहा हजार डॉलर, दोन महिन्यांत दिली तर पंधरा हजार असं म्हटलं. ब्राउनिंगने तीस दिवस मागितले आणि वीस हजार. तीस दिवस चुकले तर फुकट. रायफल वेळेत पोचली. तीच विंचेस्टर १८९२. पुढे ती दहा लाखांहून जास्त विकली गेली. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र यातून भलता धीर घेऊ नये. तीस दिवसांच्या मागे त्याची पंचवीस वर्षांची घासाघीस होती.

पैशाचा मामला मात्र एकतर्फी होता. विंचेस्टर त्याच्याकडून नमुने ठोक भावात घ्यायची. चाळीसहून जास्त घेतले, त्यातले थोडेच बाजारात आले, बाकीचे कपाटात. दुसऱ्या कंपनीच्या हाती लागू नयेत एवढ्यासाठी विकत घेतलेले! १९०२ मध्ये तो आपोआप भरणारी शॉटगन घेऊन गेला आणि या वेळी विक्रीमागे वाटा मागितला. बेनेट नाही म्हणाला. एकोणीस वर्षांचं नातं एका बैठकीत संपलं. मग तो रेमिंग्टनकडे गेला. बाहेरच्या खोलीत वाट बघत बसला होता, तेवढ्यात आत कंपनीचे अध्यक्ष हृदयविकाराने गेले. शेवटी तो नमुना घेऊन थेट बेल्जियममध्ये, एफएन कारखान्यात. त्याची पिस्तुलं तिथे आधीपासून बनतच होती.

या पिस्तुलांमुळे तो आपल्याकडेही पोचला. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. त्यातल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात, संगीत शारदा नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. अनंत तुमच्याच वयाचा, औरंगाबादला शिकणारा. पिस्तूल अडलं नाही. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात अनंत, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. पुढे १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या राजपुत्रावर झाडलेलं पिस्तूलही ब्राउनिंगचंच होतं, आणि त्यानंतर जे महायुद्ध पेटलं ते तुम्ही इतिहासात वाचलंच आहे. ऑग्डेनच्या बाकावर बसून कानशी चालवणाऱ्याला यातलं काय दिसलं असेल? न अडणारी वस्तू कुणाच्याच हातात अडत नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो, आणि तो वाटताना थोडं अवघडल्यासारखंही होतं. दोन्ही खरं आहे.

१९११ मध्ये अमेरिकी सैन्याने त्याच्या नव्या पिस्तुलाची परीक्षा घेतली. सहा हजार गोळ्या. फार तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. एकदाही अडलं नाही. महायुद्धात त्याने आपल्या शस्त्रांचे हक्क सरकारला साडेसात लाख डॉलरला दिले. गोळाबेरीज केली तर वाट्याने कितीतरी पट मिळाले असते. ज्या माणसाने वाट्यासाठी विंचेस्टर सोडली, त्याने इथे मात्र घासाघीस केली नाही.

२६ नोव्हेंबर १९२६. बेल्जियममधल्या लिएजजवळ, एफएनच्या कारखान्यात, मुलगा व्हॅलच्या खोलीत तो एका नव्या पिस्तुलाच्या नमुन्यावर बसला होता. बरं वाटेना म्हणून आडवा झाला तो उठलाच नाही. वय एकाहत्तर, नावावर १२८ पेटंटं. देह ऑग्डेनला नेऊन पुरला. ते अर्धवट पिस्तूल दिउदोने सेव्ह नावाच्या तिथल्याच कारागिराने पुरं केलं, १९३५ मध्ये ते हाय पॉवर नावाने निघालं. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात त्याच धर्तीचं नऊ एमएमचं पिस्तूल बनतं. आपल्या फौजेतल्या अधिकाऱ्याच्या कमरेला ते कधी दिसलं, तर त्याचा पहिला नमुना कुठल्या बाकावर पडून राहिला होता ते तुम्हाला आता ठाऊक आहे.